विवरातला शत्रू

उतागावा कुनियोशी या जपानी चित्रकाराचे १८४३ सालचे लाकडी ठशांनी छापलेले एक चित्र आहे. तीन कागद जोडून केलेले. त्यात योरिमित्सू हा दंतकथेतला वीर आजारी पडला आहे. मागे एक अजस्र कोळी जाळे पसरतो आहे. पुढे चार सरदार बसलेत, दोघे पटावरच्या खेळात गढलेले. वरच्या काळोखात भुतांची झुंड आहे.

या कोळ्याचे नाव त्सुचिगुमो, म्हणजे मातीतला कोळी. आठव्या शतकातल्या जपानी ग्रंथांत मात्र हे नाव माणसांचे आहे. यामातो दरबारापुढे जे स्थानिक लोक वाकले नाहीत, त्यांना दरबारी लेखकांनी ते दिले. ते बिळांत राहतात, असेही लिहिले. पुढे कथांत त्या माणसांचा खराच कोळी झाला आणि त्याला मारणे हा पराक्रम ठरला.

हे वाचले आणि मला आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आठवले. तिथली कथा सांगते की लवणासुर जमिनीखालच्या विवरात राहत होता. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, त्याच्या दोन बहिणींना वश करून ठिकाण काढून घेतले, पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे खारे पाणी म्हणजे त्याचे रक्त! दैत्यसूदन मंदिरातला विष्णू त्याच्या देहावर उभा आहे. विज्ञान सांगते की हा खड्डा उल्कापाताने झाला. त्यासाठी कुणाचा खून पडायची गरज नव्हती. ती गरज कथेला होती.

दोन्हीकडे शत्रूचे घर जमिनीखाली आहे. ज्याला खाली दडपायचे, त्याचे राहणेच आधी खालचे ठरवायचे, हे वर्चस्वाचे जुने तंत्र आहे.

कुनियोशीने या तंत्राला धक्का दिला. मिझुनो तादाकुनी या मंत्र्याने तेव्हा नाटके, चित्रे, करमणूक यांवर कडक निर्बंध लादले होते. लोकांनी आजारी वीरात शोगुन ओळखला आणि भुतांत निर्बंधांनी पोळलेली माणसे. बोभाटा झाला, प्रकाशकाला चित्र मागे घ्यावे लागले. तरीही माझ्या मते हा विद्रोह अपुरा आहे. त्याने राज्यकर्त्याची टर उडवली, पण कोळ्याला त्याचे माणूसपण परत दिले नाही. ते पाऊल जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त उचलले. अवतारकथा त्यांनी पायाखालच्या माणसाच्या बाजूने वाचल्या.

लवणासुर आपला पूर्वज होता, असे मी म्हणत नाही; त्याला पुरावा नाही. एका मिथकाला दुसरे मिथक हे उत्तर नव्हे. माझे म्हणणे एवढेच की मारणाऱ्याने सांगितलेली कथा ही एका पक्षाची साक्ष आहे, आणि ती तशीच तपासली पाहिजे.

लोणारला नेलेल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, लवणासुराचे म्हणणे कुठे लिहिले आहे?” समीक्षेची सुरुवात याच प्रश्नापासून व्हावी.