फाटकावरचा मृत्यू : ‘अछूत कन्या’चा शेवट

बंगळूरजवळील तातगुणीच्या इस्टेटीत देविकाराणी यांचे उत्तरायुष्य गेले आणि १९९४ मध्ये बंगळुरातच त्यांचे निधन झाले. ज्या चित्रपटाने त्यांचे नाव लोकांच्या मनात रुजविले, त्या ‘अछूत कन्या’च्या (१९३६) शेवटाची चिकित्सा मात्र व्हावी तशी झालेली नाही. नायिकेच्या आत्मार्पणाचे कौतुक करून समीक्षक सहसा थांबतात.

कथालेखक निरंजन पाल यांची उमेदवारी लंडनमध्ये झाली होती. वर्गभेद ओलांडू पाहणारी प्रीती हा तिकडील रंगभूमीचा व पडद्याचा परिचित विषय. तेथे लेखकाच्या हाताशी अनेक सुटका असतात : अनपेक्षित वारसा, उघडकीस आलेले कुलीन जन्मरहस्य, मऊ पडलेला पिता. ब्राह्मण वाण्याचा मुलगा प्रताप आणि रेल्वे-फाटकावरील अस्पृश्य रखवालदाराची मुलगी कस्तुरी यांच्या बाबतीत यांपैकी एकही उपयोगी पडत नाही. म्हणून आगगाडी येते.

परंतु ती येण्यापूर्वी काय घडते, हे पाहण्याजोगे आहे. दोघांचे विवाह आपापल्या जातींत झालेले आहेत. प्रतापची पत्नी आणि कस्तुरीची सवत यांचे कारस्थान, मग कस्तुरीच्या नवऱ्याचा मत्सर आणि फाटकावरील झुंज! ज्या समाजाने हा विवाह अशक्य केला, तो अखेरच्या प्रसंगातून अलगद निसटतो. दोष बायकांच्या कपटावर आणि मनूच्या संतापावर येतो. त्यातही प्रहार करणारा हात कस्तुरीच्याच जातीचा, ही योजना निर्हेतुक म्हणवत नाही. याच वर्षी डॉ. आंबेडकरांचे लाहोरचे न झालेले भाषण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि त्यात मिश्रविवाहास जातिनाशाचा खरा उपाय म्हटले होते. चित्रपट त्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परततो.

तथापि या शेवटात एक सत्य दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या हातून, कदाचित नकळत, उतरले आहे. रुळांवर झुंजणाऱ्या दोघांना वाचविण्यासाठी कस्तुरी गाडीपुढे धावते. प्रेयसी वा पतिव्रता म्हणून नव्हे, रखवालदाराची मुलगी म्हणून. गाडीपासून माणसे राखणे हे तिच्या बापाचे काम. मरतानाही ती तेच करते. तिचे स्मारकही फाटकापाशीच उभे राहते, गावात नाही.

तीनच वर्षांनी ‘प्रभात’च्या ‘माणूस’मध्ये (१९३९) शांता हुबळीकरांची मैना तुरुंगातून सुटण्याचा मार्ग नाकारते आणि जिवंत राहते. तिच्या नकाराला उत्तर देणे प्रेक्षकास भाग पडते. कस्तुरीपुढे त्याला केवळ डोळे पुसावे लागतात.