आप्त आणि बाधित : 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधील मनोबंधाचा विचार

१

अद्भुत-भयकथेतील खलपुरुष आणि त्याने ग्रासलेले कोवळे मन यांच्यातील अदृश्य बंध हा पाश्चात्त्य कथनपरंपरेतील एक रुळलेला संकेत आहे. खलपुरुष दूर असतो, क्वचित तो देहधारीही नसतो. परंतु त्याचा एकदा स्पर्श झालेली व्यक्ती त्याच्या इच्छेने बोलू लागते, त्याला झालेली इजा तिच्या शरीराला जाणवते आणि त्याचे बेत इतरांच्या आधी तिला कळतात. सोयीसाठी या संबंधाला 'मनोबंध' म्हणता येईल. मनोबंधाची चर्चा बहुधा भयनिर्मितीचे एक साधन म्हणून केली जाते. ती चर्चा चुकीची नाही, पण अपुरी आहे. मनोबंध जितका भयाचा तितकाच ज्ञानाचाही प्रश्न उभा करतो. खलपुरुषाविषयी सर्वांत अधिक जाणणारी व्यक्तीच सर्वांत कमी विश्वसनीय ठरते, हा तो पेच होय.

हा पेच नेमकेपणाने मांडण्यासाठी मराठीतील दोन शब्द उपयोगी पडतात. 'बाधित' म्हणजे भूतबाधा झालेला. परंतु न्यायशास्त्राच्या परिभाषेत ज्याचे साध्य अन्य बलवत्तर प्रमाणाने खोटे ठरले आहे असा हेतूही 'बाधित'च. 'आप्त' म्हणजे सगासोयरा. परंतु शब्दप्रमाणाच्या विचारात वस्तुस्थिती जशी असेल तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा वक्ता म्हणजे 'आप्त'. व्यवहारात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. माणूस आपल्या आप्ताचा शब्द सहसा खरा धरतो. घरातले मूल बाधित झाले की हे अर्थ परस्परांपासून तुटतात. मूल आप्त राहते, पण त्याचा शब्द आप्तवाक्य राहत नाही. डफर बंधूंच्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६–२०२५) या नेटफ्लिक्सवरील अमेरिकन मालिकेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या तुटीच्या जागी तपासून पाहण्यासारख्या आहेत.

२

या संकेताचे एक ठळक पूर्वरूप ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीत सापडते. ड्रॅक्युला मीना हार्करला आपले रक्त पाजतो आणि त्या क्षणापासून तिचे मन त्याच्याशी जोडले जाते. पण या बंधाचा दुसरा उपयोग मीनालाच सुचतो. पहाटेच्या संधिकाळी आपल्याला संमोहित करावे, असे ती व्हॅन हेल्सिंगला सांगते; त्या अवस्थेत तिला पाण्याची चुळबुळ आणि नांगराच्या साखळीचा आवाज ऐकू येतो, आणि शत्रू जहाजावर असल्याचे उघड होते. मनोबंध दुहेरी असतो, ही ती जाणीव. तिचा अपरिहार्य परिणामही कादंबरी टाळत नाही. ज्या वाटेने मीनाला कळते त्याच वाटेने ड्रॅक्युलालाही कळेल, म्हणून पुढील बेत आपल्याला सांगू नयेत, असे वचन मीना स्वतःच पतीकडून घेते. येथे विशेष हे, की कादंबरीतील रोजनिश्या आणि टिपणे एकत्र करून ती टंकलिखित करणारी व्यक्तीही बरीचशी मीनाच आहे. म्हणजे वाचकाच्या हाती असलेली साधनसंहिता एका बाधित व्यक्तीच्या हातून आलेली आहे.

'ट्विन पीक्स' (१९९०–९१) या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत हीच रचना अधिक दारुण होते. लॉरा पामर या शाळकरी मुलीला वर्षानुवर्षे छळणारे 'बॉब' नावाचे दुष्ट सत्त्व तिच्या वडिलांच्या देहातून वावरते. तिने आपली साक्ष एका गुप्त रोजनिशीत लिहून ठेवलेली असते. ती वाचली जाते तिच्या मृत्यूनंतर. जिवंतपणी तिचे ऐकणारा आप्त तिला मिळत नाही, कारण ज्याने ऐकायचे त्याच्याच देहात अत्याचारी आहे. मीना बोलते आणि तिचे ऐकले जाते. लॉरा लिहिते आणि ते फार उशिरा वाचले जाते. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधील विल बायर्सचे प्रकरण या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे.

३

इंडियाना राज्यातील हॉकिन्स या काल्पनिक गावातून ६ नोव्हेंबर १९८३ रोजी विल नाहीसा होतो, येथे मालिकेचा आरंभ होतो. पहिल्या पर्वात अविश्वसनीय ठरते ती त्याची आई जॉइस. भिंतीवर अक्षरे रंगवून आणि त्यांवर नाताळच्या दिव्यांची माळ लावून ती मुलाशी बोलत असते आणि गाव तिला भ्रमिष्ट समजते. आप्ताने आप्ताच्या शब्दावर, तो शब्द केवळ दिव्यांच्या उघडझापीतून येत असतानाही, विसंबावे, ही या पर्वाची नैतिक भूमिका आहे. दुसरे पर्व (२०१७) नेमकी हीच भूमिका कसोटीला लावते. परत आलेल्या विलला १९८४ च्या शरदात उलट्या जगाची दृश्ये दिसू लागतात. प्रयोगशाळेतील डॉक्टर ओवेन्स त्यांना आघाताच्या वर्षपूर्तीचा परिणाम म्हणतात. म्हणजे वैद्यकाच्या लेखी विलचे सांगणे हे विधान नसून लक्षण आहे; ते तपासायचे असते, त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

विलच्या मनात छायारूप राक्षसाचा शिरकाव होतो, त्या घटनेतही सद्भावाचा वाटा आहे. भीतीकडे पाठ न फिरवता तिला सामोरे जा, असा सल्ला जॉइसचा मित्र बॉब न्यूबी आपल्या बालपणीच्या अनुभवावरून देतो. विल राक्षसासमोर उभा राहून त्याला निघून जायला सांगतो आणि त्याच क्षणी तो त्याच्यात शिरतो. धैर्याचा प्रचलित धडा येथे उलटा पडतो. ज्याचे भय केवळ मनातले होते त्याचा उपाय, ज्याचे भय बाहेर खरोखर उभे आहे त्याला दिला गेला.

यानंतर विलच्या जाणिवेत जे साठू लागते त्याला तो आठवणी म्हणतो. मात्र त्या त्याच्या नाहीत आणि भूतकाळातल्याही नाहीत, त्या आत्ता घडत असलेल्या गोष्टींच्या आहेत. मनोबंधाचे याहून समर्पक वर्णन सापडणे अवघड आहे. आठवण ही स्वत्वाची खूण मानली जाते. दुसऱ्याच्या वर्तमानाने ती जागा व्यापली की स्वतःचा भूतकाळ विरू लागतो. काही भागांनंतर विल ओळखीची माणसेही ओळखेनासा होतो. शब्द अपुरे पडतात तेव्हा तो कागदांमागून कागद रंगीत खडूंनी भरतो. ते कागद घरभर जोडले गेल्यावर न्यूबीला त्यांत हॉकिन्सचा नकाशा दिसतो. डॉक्टरांना जे लक्षण वाटले ते येथे प्रमाण ठरते.

आणि लगेचच ते प्रमाण बाधित होते. विल सैनिकांना भुयारातील एक जागा दाखवतो. तेथे सापळा असतो आणि ते मारले जातात. विल हेर झाला आहे, हे प्रथम ओळखतो तो माइक, त्याचा सर्वांत जवळचा मित्र. या तपशिलाला महत्त्व आहे. संशय परक्याने घेतला असता तर तो सहज फेटाळता आला असता. तो आप्ताने, आपुलकीपोटीच घेतला आहे. त्यामुळे बाधिताला वाळीत टाकणे किंवा त्याच्यावर डोळे झाकून विसंबणे, हे दोन्ही सोपे मार्ग बंद होतात.

मालिका यातून जी वाट काढते ती आठव्या भागातील छपरीच्या प्रसंगात दिसते. आपण कोठे आहोत हे राक्षसाला कळू नये म्हणून छपरीच्या भिंती झाकल्या जातात आणि विलला खुर्चीला बांधले जाते. मग जॉइस, जोनाथन आणि माइक त्याला प्रश्न न विचारता आठवणी सांगतात : वाढदिवसाला मिळालेले रंगीत खडू, वडील घर सोडून गेले तेव्हा भावांनी मिळून बांधलेले रानातले खोपटे, शाळेच्या पहिल्या दिवशी झोपाळ्यावर झालेली मैत्री. विलचे तोंड राक्षसाच्या ताब्यात असल्यामुळे ते काहीच कबूल करत नाही. पण त्याची बोटे खुर्चीवर मोर्सच्या संकेतात ठोके देऊ लागतात आणि दार बंद करा, हा निरोप बाहेर पडतो. बाधित देहात जीभ आणि बोटे यांची अशी फारकत दाखवणे ही या पर्वाची सर्वांत मोठी कमाई आहे. आप्तपणाचे दोन तुटलेले अर्थ येथे क्षणभर पुन्हा जुळतात, आणि ते जुळतात चौकशीमुळे नव्हे, सांगण्यामुळे. साक्ष मिळवण्यासाठी प्रथम आप्तांनी स्वतःची साक्ष दिली पाहिजे, असे या प्रसंगाचे सूत्र मांडता येईल. मालिका त्याबाबत भाबडीही नाही. पुढच्याच क्षणी दूरध्वनीची घंटा वाजते, विलच्या कानातून राक्षसाला घर ओळखू येते आणि आप्तांच्या मायेची किंमत आप्तांनाच मोजावी लागते.

४

चौथ्या पर्वात (२०२२) मनोबंधाचे स्वरूप पालटते. वेक्ना, म्हणजेच पूर्वाश्रमीचा हेन्री क्रील, मनात अपराधभाव बाळगणारी किशोरवयीन मुले निवडतो. क्रिसीला तो आईच्या आवाजात हाक मारतो, मॅक्स मेफील्डला मृत सावत्रभाऊ बिलीच्या रूपात भेटतो. दुसऱ्या पर्वात खलसत्त्वाने आप्ताच्या तोंडून बोलणे हा धोका होता. येथे खलपुरुषच आप्ताचे रूप घेतो. संशयाची दिशाही त्यामुळे बदलते. इतरांनी बाधितावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि आपल्या मनात उमटणारा आवाज आपलाच आहे का, हे बाधितालाच ठरवावे लागते.

मॅक्सची साक्षही लेखी आहे. मृत्यू अटळ मानून ती आप्तांसाठी पत्रे लिहून ठेवते आणि बिलीच्या कबरीपाशी त्याला लिहिलेले पत्र मोठ्याने वाचते. वेक्नाच्या तावडीतून तिला सोडवते ते केट बुशचे १९८५ चे गाणे, मित्रांनी तिच्या कानाशी वाजवलेले. छपरीतील आठवणींचेच हे सुटसुटीत रूप आहे आणि म्हणून थोडे उथळही. आवडते गाणे वाजवायला मित्रांना स्वतःचे काही उघड करावे लागत नाही. त्या मानाने पर्वाच्या अखेरीचा प्रसंग अधिक प्रामाणिक आहे. मॅक्स आपण होऊन आमिष बनते आणि बिलीच्या मरणाविषयी मनात येऊन गेलेला, कोणालाही न सांगितलेला विचार मोठ्याने बोलून वेक्नाला बोलावते. कबुली येथे शस्त्र आहे. पण ते मॅक्सचा देह मोडून टाकते. कबूल केले की माणूस मोकळा होतो, असा सोपा दिलासा मालिका येथे देत नाही.

या पर्वाचा दोष अन्यत्र आहे. छायारूप राक्षसाला आपणच आकार दिला, असे हेन्रीच्या निवेदनातून उघड होते आणि दुसऱ्या पर्वातील निराकार सत्त्वाला मागाहून एक माणूस, एक बालपण आणि एक गाऱ्हाणे लाभते. दुष्टाव्याला चेहरा मिळाल्याने नैतिक जबाबदारी निश्चित होते, असा याचा बचाव करता येईल, आणि 'ट्विन पीक्स'मध्ये दुष्ट सत्त्वाच्या आडून माणसाचा गुन्हा निसटण्याचा जो धोका होता तो पाहता हा बचाव वजनदार आहे. तरीही त्यात एक हानी आहे. विलच्या बोटांचे ठोके अर्थपूर्ण होते, कारण ज्याच्यापासून ते लपवायचे होते त्याला मानवी भाषेत शिरकाव नव्हता. हॉकिन्समध्ये राहिलेल्या मुलाला ते ठोके कळले नसते, असे मानणे कठीण आहे.

५

२०२५ च्या अखेरच्या पर्वात मनोबंधाचा तिसरा उपयोग पुढे येतो. चौथ्या भागाच्या शेवटी विल त्याच बंधातून वेक्नाची शक्ती ओढून घेतो आणि मित्रांवर धावून आलेल्या राक्षसांना मारतो. मीनाने ज्ञानासाठी वापरलेली वाट विल सामर्थ्यासाठी वापरतो. या प्रसंगाचा नाट्यमय परिणाम मोठा आहे, पण वैचारिक दृष्ट्या तो सोपा आहे. बाधित मूल वीर झाले की त्याच्या शब्दाचे काय करायचे हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. सामर्थ्याला साक्षीची गरज भासत नाही.

या सवंगपणाची काहीशी भरपाई पुढे होते. आपण इतर मुलांसारखे मुलींकडे आकृष्ट होत नाही, ही वर्षानुवर्षे दडवलेली गोष्ट विल आई, भाऊ आणि मित्र यांच्यासमोर बोलून दाखवतो. हे कळल्यावर सारे आप्त दुरावतील, हे भय वेक्नाने त्याच्यापुढे उभे केलेले असते. येथे मालिका पुन्हा छपरीपाशी येते, मात्र भूमिका उलट झाल्या आहेत : तेथे आप्त सांगत होते आणि बाधित ऐकत होता, येथे बाधित सांगतो आणि आप्त ऐकतात. खलपुरुषाची पकड न सांगितलेल्या गोष्टीवर असते, हे मॅक्सच्या कबुलीतून दिसले होते. ती गोष्ट शत्रूला आमिष म्हणून न सांगता आप्तांना विश्वासाने सांगता येते, हे विलच्या बोलण्यातून दिसते.

मनोबंधाच्या कथेचे मूल्य खलपुरुष किती भयंकर आहे यावर ठरत नाही. मुलाचा शब्द संशयास्पद झाल्यावर त्याच्याभोवतीची माणसे काय करतात, यावर ते ठरते. लॉराभोवती ऐकणारे कोणी नव्हते. विलभोवती होते, आणि त्याच्यावर संशय घेत असतानाही ते त्याच्यासमोरून उठले नाहीत.