डाउनलोडचं बटण कुणाच्या सोयीचं?

समजा, तुम्ही विषय घेतलाय : खर्ड्याची लढाई आज कशी आठवली जाते. मार्च १७९५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या या गावाजवळ मराठ्यांनी निजामाला हरवलं. त्या काळाचे कागद बघायला पुण्यात पेशवे दफ्तर आहे. पण 'आज'चं काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये खर्ड्याच्या किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा स्वराज्य ध्वज उभारला गेला. त्यावेळची भाषणं, ड्रोनने केलेलं चित्रण, किल्ला फिरवून दाखवणारी पोरं, हे तुमचं साधन. ते बरंचसं यूट्यूबवर आहे, आणि तिथून फाइल हातात पडत नाही.

का नाही? ठरलेलं उत्तर : कॉपीराइट. मला ते अपुरं वाटतं. यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे व्हिडिओही आहेत. म्हणजे मालकच म्हणतोय, माझं नाव द्या आणि खुशाल वापरा. तरी प्रेक्षकाला फाइल उतरवून घ्यायचं बटण तिथेही नाही.

आता टिकटॉक आठवा. जून २०२० मध्ये भारतात बंदी येईपर्यंत तिथे, निर्मात्याने बंद केलं नसेल तर, व्हिडिओ सेव्ह करता यायचा. वर टिकटॉकचा शिक्का असायचा. तो व्हॉट्सॲपवर फिरला की ॲपची फुकट जाहिरात! यूट्यूबचं गणित उलटं आहे. जाहिरात बघतानाच लागते, किती वेळ बघितलं हेही तिथेच मोजलं जातं. फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर गेली की दोन्ही थांबलं. डिसेंबर २०१४ मध्ये भारतात यूट्यूबची ऑफलाइन सोय आली, तेव्हाही व्हिडिओ ॲपच्या आतच राहायचा, तोही ४८ तास. पुस्तक घरी न्या, पण वाचनालयाच्या कपाटासकट, असा प्रकार.

एक मात्र मान्य करायला हवं, प्रत्येक अडचण मुद्दाम केलेली नसते. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या तुकड्यांत येतात, कारण नेटच्या वेगाप्रमाणे दर्जा कमी-जास्त करता यावा. बटण न देणं हा मात्र निर्णय आहे.

कायदा याहून उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ संशोधनासाठी उचित वापराला मुभा देतं. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ तांत्रिक कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तेव्हा. यूट्यूबच्या अटी मात्र परवानगीशिवाय डाउनलोड करायला सरसकट मनाई करतात, आणि त्या आपण न वाचताच मान्य केलेल्या असतात.

उद्या चॅनेलवाल्याने व्हिडिओ काढला तर तुमच्या तळटीपेत नुसती मेलेली लिंक उरते. परीक्षक ती तपासणार कशी? म्हणून सरळ चॅनेलवाल्याला लिहा. स्वतःचा व्हिडिओ त्याला यूट्यूब स्टुडिओतून उतरवता येतो, कदाचित मूळ चित्रणही त्याच्याकडे असेल. परवानगी लेखी घ्या. तोवर पाहिल्याची तारीख, मिनिट-सेकंद आणि बोललेले शब्द स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा.