नाइट ठरते, तालीम ठरत नाही

दिवाळी उलटली, धान खळ्यावर आलं, की वडशात नाटक कंपन्यांचे फलक झळकू लागतात. कागदोपत्री हे देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. गावोगावच्या मंडळांची माणसं इथे येतात, फलकांवरचे चेहरे न्याहाळतात, घासाघीस करतात, इसार देतात आणि नाटक ठरवून जातात. मग शंकरपट (बैलांच्या शर्यती) किंवा मंडई या गावजत्रेच्या रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली झाडीपट्टी रंगभूमी अशी तिकिटावर जगते. तिचं कौतुक भरपूर झालं, परीक्षण मात्र फारसं कुणी केलं नाही. शहरातून येणारा पाहुणा गर्दी पाहूनच भारावतो आणि नाटक पाहायचं विसरतो.

नाटक पाहिलं की आधी खटकतो तो सैलपणा. त्याचं मूळ हिशेबात आहे. नट बहुधा एका कंपनीला बांधलेला नसतो. आज या गावी एकीचं नाटक, उद्या दुसरीकडे दुसरीचं. मजुरी नाइटवर, म्हणजे रात्रीच्या एका प्रयोगावर, ठरते. तालमीचा दिवस बिनपगारी असेल, तर हातावर पोट असणारा नट तालमीला का थांबेल? मग संहिता मोबाइलवर येते आणि वेळ प्रॉम्प्टरच्या भरवशावर निभावते. माइक वर टांगलेले, म्हणून पात्रं त्यांच्याखाली येऊन उभी राहतात आणि एकमेकांऐवजी प्रेक्षकांशी बोलतात. दोन वाक्यांमधली शांतता उरतच नाही, कारण शांतता म्हणजे नट वाक्य विसरला, अशी धास्ती. अनुभवी नट आपल्या ठेवणीतला दारुड्या किंवा पाटील काढून प्रसंग मारून नेतो.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका, अशी त्यांची नोंद सांगितली जाते. आकडे थक्क करणारे आहेत. पण सरासरी काढली तर एका भूमिकेच्या वाट्याला सहा-सात रात्री येतात. भूमिका मुरायला एवढ्या रात्री पुरतात का? हा प्रश्न खुण्यांना नाही. त्यांना असं राबवून घेणाऱ्या पद्धतीला आहे.

विषयांचं धाडस इथे कमी नाही. नवरगावचे नाटककार सदानंद बोरकर यांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येचं दुःख याच मंचावर आणलं. भाषेचं धाडस मात्र कमी पडतं. नायक-नायिका छापील मराठी बोलतात आणि झाडीबोली येते ती बहुतेकदा नोकराच्या, खुळ्याच्या तोंडी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या मानासाठी उभी हयात घातली. मंचावर ती अजून हशापुरतीच.

मोबाइलने नाटक मारलं, हे रडगाणं मला पटत नाही. टीव्ही आला, व्हिडिओ आला, तरी मंडप भरत राहिले. प्रेक्षक ओसरतो त्याची कारणं शेतात, जंगलात आणि कोर्टात शोधावीत. ऐन हंगामात कितीतरी घरं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाच्या भीतीने रात्री शेजारच्या गावी जाणं अवघड झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत शंकरपटाचं निमित्तच अडचणीत होतं. त्यातच कोरोनाने हंगाम बुडवला.

आणखी एक दुजाभाव कुणी बोलून दाखवत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सणावारी बारापर्यंत सवलत, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. बंदिस्त नाट्यगृहाला हा नियम लागू नाही. म्हणजे भिंती परवडतात त्याची कला निर्धास्त, आणि जिचा प्रयोगच दहानंतर उभा राहतो ती उघड्या मंडपातली कला परवानगीच्या दयेवर. आजारी माणसाची झोप मोलाची आहेच. पण हंगामाचे ठरावीक दिवस आणि आवाजाची मर्यादा घालून तोडगा निघू शकतो.

स्त्री-कलावंतांचं तर बोलायलाच नको. नटीचं नाव फलकावर मोठ्या अक्षरांत, कारण त्यावर नाइट विकली जाते. दोन प्रवेशांच्या मध्ये घुसवलेलं नाचगाणं कथेला कुठे नेत नाही, गल्ल्याला नेतं. त्यात नाचणाऱ्या मुलीने जंगलातल्या रस्त्याने पहाटे गाडीतून परतायचं. अपघात झाला तर विमा कुणाचा, हे आधी लिहून ठेवायला नको का? सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं, ते चांगलंच. पण कलावंत तरुणपणीच रस्त्यावर असतो.

अजूनही या रंगभूमीचा खरा मालक इसार देणारं गावच आहे. तेव्हा मंडळांनो, पुढच्या दिवाळीत वडशात सौदा करताना नटी कोण हे विचाराल, तेव्हा तालमी किती झाल्या आणि त्यांचे पैसे दिले का, हेही विचारा. विम्याचा कागद पाहा. मगच इसार द्या.