विषयांतर, की वाचन?

मित्रहो, मागच्या वेळी आपण 'सहृदय' या शब्दापाशी थांबलो होतो. प्रश्नोत्तरांत एका शिक्षिकेने विचारलं, "सर, हा सहृदय वर्गात कुठल्या बाकावर बसतो?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी जाताना लक्षात आलं, की उत्तर दिलेलंच नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करू. त्यात आमची एक जुनी चूक येईल, तीही सांगून टाकू.

सुरुवात केंब्रिजपासून करू. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिथे आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक एक उद्योग करत. विद्यार्थ्यांना कविता छापलेले कागद द्यायचे, पण कवीचं नाव आणि काळ गाळायचा. आठवडाभर वाचा आणि वाटेल ते मोकळेपणाने लिहून आणा, एवढीच अट. अशा तेरा कवितांवरच्या टिपणांतून त्यांचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक १९२९ साली आलं. त्या तेरांत डन होता, हॉपकिन्स होता, लाँगफेलो होता. नाव झाकल्यावर काय झालं? डनच्या सुनीताला नावं ठेवणारे निघाले, हॉपकिन्सचा साधा वाच्यार्थही कित्येकांच्या हाती लागेना. आणि ही मुलं इंग्रजी साहित्यच शिकत होती, बरं का!

रिचर्ड्स यांनी मुलांना हसण्यावारी नेलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. ही मुलं चुकतात कशी, याच्या दहा अडचणी त्यांनी मांडल्या. सगळ्या सांगत बसत नाही. दोन लक्षात ठेवा. पहिली, ठरावीक प्रतिक्रिया : 'आई' शब्द दिसला की डोळ्यांत पाणी तयारच, कविता काय म्हणते ते मग कोण बघतो? दुसरी, अवांतर आठवण : कवितेत पाऊस आला, मला माझ्या गावचा पाऊस आठवला, मी तिकडे निघून गेलो आणि कविता इथेच राहिली.

आता आपल्याकडे या. आमची नात दहावीला होती तेव्हा तिच्या मराठीच्या पुस्तकात एक मुद्दा पाहिला : कविता आवडण्याची वा न आवडण्याची कारणे. आम्हाला फार आनंद झाला. न आवडण्याची मुभा! मग तिच्या वह्या पाहिल्या, मैत्रिणींच्या पाहिल्या, गाईडं पाहिली. न आवडल्याचं एकही कारण कुठे सापडलं नाही. प्रत्येक कविता प्रत्येकीला आवडलेली, आणि कारणही तेच : साध्या सोप्या भाषेत मोठा संदेश दिला म्हणून. नातीला विचारलं तर म्हणाली, "आजोबा, नाही आवडली लिहिलं आणि मार्क कापले तर?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेत लुईझ रोझेनब्लॅट यांनी वाचनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात वाचून झाल्यावर हाती काय उरणार, त्यावर लक्ष असतं. दुसऱ्यात वाचता वाचता आपल्यात काय घडतं, त्यावर. पहिल्याचं त्यांचं उदाहरण फार बोलकं आहे. मुलाने काही विषारी प्यायलंय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचते आहे. तिला तेव्हा शब्दांची लय कशाला दिसेल? आपली मुलं कविता अशीच वाचतात. संदेश कुठाय, उतारा कुठाय, घाई करा. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण बाटली त्यांच्या हातात आपणच दिलेली आहे.

आता ती चूक. नव्वदच्या दशकात आम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सौंदर्यशास्त्र शिकवत होतो. रिचर्ड्स डोक्यात पक्के बसलेले. एकदा वर्गाला बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचायला दिली. १९६३ साली याच नावाचा त्यांचा कथासंग्रह आला, हे आपल्याला माहीत आहेच. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी जातो, जात कळू न देता खोली मिळवतो, पुढे ती कळते आणि त्याला मार बसतो. एक पान लिहून आणा म्हटलं.

तीसेक पानं आली. बहुतेकांचं एकच म्हणणं : जातिभेद वाईट, तो नष्ट झाला पाहिजे. यात चूक काय आहे? काहीच नाही. पण कथा न वाचताही हे लिहिता येतं. ही रिचर्ड्स यांची ठरावीक प्रतिक्रिया, आपल्या पुरोगामी पोशाखातली. तरीही आम्ही त्यांना बरे गुण दिले.

एका मुलाने मात्र कथेचा सारांशही दिला नव्हता, संदेशही नाही. शहरात खोली शोधताना घरमालक आधी आडनाव कसं विचारतात, हे त्याने अर्धं पान लिहिलं होतं. मग असं काहीसं : या गोष्टीतला माणूस खोटं बोलत नाही. जात विचारल्यावर तो दुसऱ्या जातीचं नाव सांगत नाही, मी मुंबईचा म्हणून सांगतो. मीसुद्धा आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगतो. मग चोरलं काय?

आम्ही समासात लाल शाईने लिहिलं, 'विषयांतर'. आणि गुण कापले.

वाद घातला नाही त्याने. आमच्या वर्गात त्यानंतर त्याने स्वतःविषयी एक अक्षर लिहिलं नाही. परीक्षेत गाईडमधलं लिहिलं, चांगल्या गुणांनी पास झाला.

कित्येक वर्षांनी एका व्याख्यानासाठी ती कथा पुन्हा काढली आणि त्या प्रसंगापाशी थबकलो. मुलाचं म्हणणं बरोबर होतं. शीर्षकात 'चोरली' आहे, आणि कथेतला माणूस त्या घटकेला चोरासारखा वागत नाही. उलट आपण मुंबईकर आहोत हे अभिमानाने सांगतो. शीर्षक नक्की कुणाचा आरोप उच्चारतं आहे, हा त्या कथेतला कळीचा प्रश्न आहे. तीस पानांत तो एकालाच दिसला होता, आणि दिसला तो खोली शोधण्याच्या आठवणीमुळेच. ज्याला आम्ही विषयांतर म्हटलं, तीच त्या कथेत शिरण्याची वाट होती.

मग रिचर्ड्स चुकले का? थांबा, घाई नको. इथे आपला अभिनवगुप्त मदतीला येतो. इसवी सन एक हजारच्या आसपासचा हा काश्मिरी तत्त्वज्ञ. त्याने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात इतकं बुडणं, की समोरचं नाटक दिसेनासं होतं. म्हणजे रिचर्ड्स यांची अवांतर आठवणच म्हणा ना! पण हाच अभिनवगुप्त दुसरीकडे सांगतो, की प्रेक्षकाच्या मनात वासना, म्हणजे पूर्वानुभवांचे संस्कार नसतील, तर रस निर्माणच होणार नाही. ज्याच्यात काही साठलेलंच नाही, त्याच्यात काय जागं होणार? तेव्हा आठवण असावी की नसावी, हा प्रश्नच नाही. ती 'माझी' म्हणून माझ्यापाशी अडून बसते की कथेतल्या माणसापर्यंत जाते, हे पाहायचं. त्या मुलाची आठवण घरमालकांपासून निघाली आणि 'मग चोरलं काय?' इथवर पोहोचली. रिचर्ड्स यांच्या कसोटीवरही ती अवांतर ठरत नाही. त्यांचा दोष नाही, आम्ही त्यांना अर्धवट वाचलं होतं. दुसऱ्या एका मुलाने रेल्वेत असलेल्या काकांविषयी पानभर लिहिलं होतं, ते खरं विषयांतर. त्याला मात्र आम्ही 'शैली ओघवती' असा शेरा दिला होता, आता काय सांगावं!

रिचर्ड्स यांच्याशी आमचं भांडण उरतं ते एवढंच. त्यांनी कवीचं नाव झाकलं, वाचकाचं झाकता येत नाही. आपल्या वर्गात तर नाहीच. हजेरी घेताना शिक्षक आडनाव मोठ्याने वाचतो. त्यानंतर बागुलांच्या कथेवर चर्चा सुरू झाली, की पाचदहा माना आपोआप एका बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या मुलाने 'साधारणीकरण' कसं करायचं? तो बोलला तर स्वतःविषयी बोलतो म्हणायचं, गप्प राहिला तर त्याला कथा कळली नाही म्हणायचं. त्या दिवशी त्याने लिहून दाखवलं, हेच धाडस होतं. शिक्षिकाबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे : सहृदयाचा बाक आम्ही पाहिला होता, आणि तिथेच लाल शाई सांडली.

तो मुलगा आता कुठे असतो, माहीत नाही. त्याचं पान आमच्याकडे नाही. आठवलं तसं सांगितलं, शब्द इकडेतिकडे झाले असतील.

पुढच्या बैठकीसाठी दाराजवळ एका कथेच्या प्रती ठेवल्या आहेत, लेखकाचं नाव गाळून. एक पान लिहून आणा. आवडली नाही तर तसं लिहा, इथे गुण नाहीत. पानावर स्वतःचं नाव घालावं की घालू नये, याबद्दल आयोजकांचं आणि आमचं अजून एकमत झालेलं नाही. तूर्त ज्याने त्याने ठरवावं.