न उघडलेलं पत्र

अनियंत्रित राजेशाहीला आव्हान देणारं लेखन अठराव्या शतकात युरोपात विपुल झालं. त्यातलं बरंचसं आज इतिहासाचा पुरावा म्हणूनच वाचलं जातं. माँतेस्क्यूची ‘पर्शियन पत्रं’ मात्र अजूनही कादंबरी म्हणून वाचावी आणि अस्वस्थ व्हावं अशी आहे. १७२१ साली ती अॅम्स्टरडॅमला छापली गेली, तीही लेखकाचं नाव न घालता. लेखक होता बोर्दोच्या न्यायालयातला ३२ वर्षांचा न्यायाधीश. चौदावा लुई जाऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

इस्फहानचा उमराव उझबेक आणि त्याचा तरुण मित्र रिका पॅरिसला येऊन राहतात. मुख्यतः त्यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली पत्रं म्हणजे ही कादंबरी. प्रचलित आवृत्तीत ती १६१ आहेत. चोविसाव्या पत्रात रिकाला फ्रान्सचा राजा मोठा जादूगार वाटतो. तिजोरी रिकामी झाली की एका नाण्याची किंमत दोन आहे असं तो प्रजेला पटवतो. लढाईला पैसा उरला नाही की कागदालाच पैसा ठरवतो. त्याच्या नुसत्या स्पर्शाने रोग बरे होतात, असंही लोक मानतात. रिका चिडत नाही, थक्क होतो, आणि त्या निरागसपणातच सगळी धार आहे. राजाची सत्ता आभाळातून उतरलेली नाही, प्रजेच्या मानण्यावर उभी आहे, हे वाचकाला आपोआप उमगतं.

पण कादंबरीचं खरं वैभव उझबेकमध्ये आहे. न्याय, शिक्षा, धार्मिक सहिष्णुता यांवर तो इतकं समंजस लिहितो की आपण त्याला लेखकाचाच आवाज समजू लागतो. इस्फहानला मात्र त्याचा जनानखाना आहे. तिथल्या बायकांना आणि त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या खोजांना लिहिताना त्याच विचारी माणसाची भाषा हुकूम आणि धमक्यांची होते. हा बदल माँतेस्क्यू कुठेही बोलून दाखवत नाही. दोन पत्रं शेजारी ठेवतो आणि बाजूला होतो.

घरात बंडाळी माजल्याचं कळल्यावर उझबेक मुख्य खोजाला अमर्याद अधिकार देणारं पत्र धाडतो. ते पोचतं तेव्हा खोजा मेलेला असतो. त्याच्या जागी आलेला म्हातारा नार्सित ते उघडतच नाही. धन्याचं पत्र म्हणून आदराने गुंडाळून कुलपात ठेवतो आणि पुढची आज्ञा विचारतो. हा कादंबरीतला सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग. भीतीने चालणाऱ्या कारभारात आज्ञाधारकपणा इतका मुरतो की आज्ञाच निकामी होते.

मग येते रॉक्सान. सव्विसाव्या पत्रात उझबेक तिच्या लज्जेचं कौतुक करतो: लग्नानंतर दोन महिने तिने त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं. पुढे सगळा जनानखाना बिघडल्याच्या बातम्या येतात, तेव्हाही एकटी रॉक्सान निष्ठावंत असल्याचं त्याला कळवलं जातं. शेवटचं पत्र तिचंच. प्रियकराला पहारेकऱ्यांनी मारलं आहे, तिने विष घेतलं आहे, आणि जाता जाता ती सांगते की दास्यातही तिचं मन कायम स्वतंत्र होतं, आणि धन्याने ज्याला लज्जा मानलं तो तिरस्कार होता. मागे जाऊन सव्विसावं पत्र पुन्हा वाचावं. एक अक्षर न बदलता त्याचा अर्थ उलटलेला असतो.

रचनेतही केवढी हुशारी! १७१७ ते १७२० मधली जनानखान्याची पत्रं माँतेस्क्यूने तारखांच्या क्रमाने न विखुरता अखेरीस एकत्र आणली. त्यामुळे रॉक्सानच्या मृत्यूनंतरची तारीख असलेलं उझबेकचं पत्र आपण तिच्या निरोपाआधीच वाचलेलं असतं. फ्रान्समधल्या भ्रष्ट मंत्र्यांवर तो त्यात पोटतिडकीने लिहीत असतो.

१७४८ साली ‘कायद्यांचा आत्मा’ या ग्रंथात माँतेस्क्यूने सिद्धान्त मांडला: एकतंत्री सत्ता भीतीवर चालते, आणि सत्तेला सत्तेनेच आवर घालावा लागतो. शहाणा राजा मिळाला तर सुधारणा होईल, ही आशा त्यानंतरही अनेक विचारवंतांनी सोडली नाही. १७५० मध्ये व्होल्तेअर प्रशियाच्या फ्रेडरिकच्या दरबारी गेला होता. त्या आशेला उझबेकच्या रूपाने आधीच उत्तर मिळालेलं होतं. तो दुष्ट नाही, मूर्ख नाही, वाचलेला आणि विचार केलेला माणूस आहे. तरीही त्याचं घर त्याच्याच हुकमांनी उद्ध्वस्त होतं. दोष माणसात नसून लगाम नसलेल्या अधिकारात आहे, हे इतक्या निर्दयपणे आणि इतक्या सुंदर रीतीने सांगणारी दुसरी कादंबरी मला त्या शतकात दिसत नाही.