प्रतिदीप्तीचे ध्रुवण व रेणूंचे परिभ्रमण : एक चिकित्सा

ध्रुवित प्रकाशाने उद्दीपित झालेला रेणू प्रकाश उत्सर्जित करण्यापूर्वी जितका अधिक फिरतो, तितके त्याच्या प्रतिदीप्तीचे ध्रुवण घटते. फ्रान्सिस पेरँ यांनी १९२६ मध्ये या संबंधाला गणिती रूप दिले. ग्रेगोरिओ वेबर यांनी १९५२ मध्ये तो रंजकयुक्त प्रथिनांच्या अभ्यासात उपयोगात आणला. पद्धतीचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ‘ध्रुवण घटले म्हणजे परिभ्रमण वाढले’ हे सरधोपट अनुमान चिकित्सेस उतरत नाही.

सत्तरच्या दशकात डीपीएच या रंजकाच्या ध्रुवणावरून पेशीपटलाची ‘सूक्ष्म-श्यानता’ काढण्याचा प्रघात पडला. मेदरेणूंच्या दाटीत हा रंजक मुक्तपणे फिरत नाही, मर्यादित कोनातच डोलतो, हे पुढे नॅनोसेकंदांच्या मोजणीतून स्पष्ट झाले. परिभ्रमणाचा वेग व त्यावरील बंधन एकाच आकड्यात मिसळले गेले होते.

दुसरी मर्यादा अधिक बोधप्रद आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून वर्मा व मेयर यांनी १९९८ मध्ये पेशीपृष्ठावरील जीपीआय-बद्ध प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे ध्रुवण घटण्याचे कारण परिभ्रमण नव्हते. निकटच्या समान रंजकांमध्ये ऊर्जेचे हस्तांतरण होत होते. त्यावरूनच ७० नॅनोमीटरहून लहान प्रथिनसमूहांचे अनुमान निघाले. एका प्रश्नातील अडथळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरला.

म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पांतही स्थिर प्रकाशातील एकाच वाचनावर विसंबू नये. रंजकाचे प्रमाण बदलून पडताळणी करावी व शक्य तेथे कालसापेक्ष मापनाची जोड द्यावी. अन्यथा वाचन अचूक असूनही निष्कर्ष चुकीचा ठरेल.